पेन्शनीत निघालेला शिपाई

आपल्या भाषेत ‘पेन्शनीत निघणे’ असा एक मोठा मजेदार वाक्प्रचार रूढ आहे. मनुष्य नोकरीतून सुटतो, कामावरून निघतो. पण पेन्शन मिळाली की तो पेन्शनीत निघतो! जणू पेन्शन हे कोठलेसे गाव असावे आणि वळकटी-ट्रंक बांधून, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घेऊन माणसाने तिकडे कायमच्या मुक्कामाला निघावे. कारकून, मास्तर, मामलेदार या गावी पोचतात ते अठ्ठावन्नाव्या-साठाव्या वर्षी. केस पिकलेले असतात, मुले हाताशी आलेली असतात, आणि राहिलेले दिवस नातवंडे खेळवण्यात जावेत एवढीच त्यांची अपेक्षा असते. फौजेतला साधा शिपाई मात्र त्याच गावी पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान येऊन पोचतो. त्याच्या मिशीत अजून पांढरा केस नसतो. थोरला मुलगा चौथीत असतो, धाकटी आईच्या कडेवर असते, घराचे बांधकाम जोत्यापर्यंतच आलेले असते. कारकुनाची पेन्शन दिवेलागणीला येते. शिपायाची भर दुपारी येते.

त्या लांबलचक दुपारी त्याने काय करावे, आणि ती दुपार चांगली जावी म्हणून राज्याने व समाजाने त्याच्यासाठी काय केले, याचा थोडा मागोवा घ्यावा असे बरेच दिवस मनात होते. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कोरडा वाटेल, असे काही वाचक म्हणतील. पण महाराष्ट्रात अशी किती गावे आहेत, की जिथे दिवाळीच्या चार दिवसांत एखाद्या घरी सीमेवरच्या मुलाची वाट पाहिली जात नाही? त्या घरांपुरता तरी हा विषय कोरडा नाही.

मी सातारा जिल्ह्यातला एक शाळामास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. पुढचे जे थोडेफार वाचले ते वाचनालयांच्या कपाटांतून. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. आमच्या भागात फौजेत गेलेल्या प्रत्येकाला, मग तो लान्सनायक असो की हवालदार, लोक ‘मेजर’ म्हणूनच हाक मारतात. सुटीवर आलेल्या मेजरला चहाच्या टपरीवर हमखास विचारतात, ‘काय मेजर, कधी आलात? कधी जाणार?’ पेन्शनीत आलेल्याला त्यातला दुसरा प्रश्न कोणी विचारीत नाही. पहिले सहा महिने तोच न विचारलेला प्रश्न कानाशी घुमत राहतो, असे मला एकाहून अधिक मेजरांनी सांगितले आहे.

हा प्रश्न किती जुना आहे? शिवकालात तो होता का? अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. त्यानंतर महाराजांनी आपल्या लोकांची व्यवस्था कशी लावली ते कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवले आहे. जे लढाईत पडले त्यांच्या मुलांचे पुढे चालवले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमी झालेल्यांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. आज आपण ज्याला कुटुंब-निवृत्तिवेतन आणि अपंगत्वाची पेन्शन म्हणतो, त्यांची ही बीजेच होत. जखमेच्या मानाने रक्कम ठरवावी, ही कल्पना तर आजच्या वैद्यकीय मंडळाच्या टक्केवारीशी थेट नाते सांगते. पुढे पेशवाईच्या दप्तरांतही लढाईत कामी आलेल्यांच्या मुलाबाळांसाठी ‘बालपरवेशी’ची नेमणूक करून दिल्याच्या नोंदी सापडतात.

या साऱ्या व्यवस्थेत मेलेल्याचा विचार आहे, घायाळ झालेल्याचाही आहे. धडधाकट परत आलेल्याचा मात्र वेगळा विचार नाही. त्याचे कारण उघड आहे. मावळा हा मुळात कुणबी. पावसाळ्यात तो नांगर धरी आणि दसऱ्याला शिलंगण करून मोहिमेवर जाई. त्याची तलवार आणि त्याचे शेत यांच्यामध्ये कधी पंधरा वर्षांचे अंतर पडत नसे. शिपाईगिरीतून निवृत्त झाला तरी शेतातून तो निवृत्त झालेलाच नसे. शिपाईपणा हा जेव्हा बारमाही, पगारी आणि घरापासून शेकडो कोसांवरचा धंदा झाला, तेव्हाच ‘परत आल्यावर काय?’ हा प्रश्न जन्माला आला. तो कंपनी सरकारच्या पलटणींनी जन्माला घातला.

कंपनीच्या पायदळातल्या शिपायाचा पगार महिना ७ रुपये. एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ हा आकडा हललाच नाही. सेवेला निरुपयोगी ठरून तो घरी आला की चारेक रुपयांची पेन्शन बांधून मिळे. रक्कम लहान, पण तिचा रुबाब मोठा होता. पाऊस पडो न पडो, पीक बुडो की तरो, कलेक्टरच्या खजिन्यातून ते चार रुपये येत. ज्या खेड्यात रोकड रुपया पाहायला सावकाराच्या ओटीवर जावे लागे, तिथे दरमहा नगद मिळवणारा माणूस म्हणजे असामी! इंग्रजही यातले इंगित ओळखून होते. पेन्शनीचा धागा जितका लांब, तितकी खाल्ल्या मिठाची आठवण पक्की, हा त्यांचा हिशेब होता. शिपायाच्या म्हातारपणाची त्यांना कणव आली म्हणून ही पेन्शन सुरू झाली, असे समजण्याचे कारण नाही.

परंतु या हिशेबात एक गोष्ट त्यांच्या हातून अशी घडली, की तिची फळे त्यांच्याही कल्पनेपलीकडची निघाली. ती पाहण्यासाठी सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात, दापोलीस जावे लागेल.

दापोली ही एके काळी दक्षिण कोकणातली इंग्रजांची लष्करी छावणी. छावणी गेली तरी ‘कॅम्प दापोली’ हे नाव लोकांच्या तोंडी राहिले. हवा थंड, आसपासची खेडी पलटणीत माणसे पाठवणारी, त्यामुळे पेन्शनीत निघालेले कितीतरी सुभेदार, जमादार, हवालदार तिथे घरे करून राहिले. त्यांत महार समाजाचे पेन्शनर पुष्कळ होते. या माणसांना गावाने कधी शाळेच्या उंबऱ्यावर उभे केले नव्हते. पण मुंबई इलाख्याच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिकवण्यासाठी पलटणीच्या शाळा असत, आणि तिथले शिक्षण सक्तीचे असे. बंदुकीबरोबर पाटी हाती आली ती अशी. चार रुपयांची पेन्शन म्हाताऱ्याबरोबर सरणावर जाते. पाटीवरचे अक्षर मात्र मागे उरते. माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म एवढेच आहे.

गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक पेन्शनर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली हवालदार म्हणून पलटणीतून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. हुद्दा हवालदाराचा, पेन्शन बेताची. पण जोतिराव फुल्यांच्या विचारांचा संस्कार झालेला आणि लेखणी चालवता येत होती. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कोठे आहे, असा रोखठोक सवाल धर्मपंडितांना केला. १८९२ च्या सुमारास, अमुक जाती लढवय्या आणि अमुक नव्हेत असे नवे तत्त्वज्ञान काढून इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली, तेव्हा सरकारकडे धाडायच्या अर्जासाठी पुन्हा वलंगकरांचीच लेखणी पुढे झाली. ज्यांचे आजे-पणजे कंपनीसाठी लढले त्यांच्या नातवांना पलटणीचे दार बंद! म्हाताऱ्याची पेन्शन चालू राहिली, पण मुलाची नोकरी गेली, आणि त्या नोकरीबरोबर शाळाही गेली. या बंदीचा घाव किती खोल होता, ते यावरून ध्यानात येते. १८९५ साली वलंगकर महाडच्या तालुका लोकल बोर्डाचे सभासद झाले. काही उच्चवर्णीय सभासदांना ते रुचले नाही. १९०० साली ते वारले. शिपायाची दुसरी नोकरी कोणती असावी, याचे याहून धीट उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे हे घराणे. वडील मालोजीही पलटणीतच होते. रामजी फौजेच्या शाळेत चौदा वर्षे हेडमास्तर होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी चौदावे अपत्य जन्मले, ते भीमराव. थोड्याच वर्षांत रामजी पेन्शनीत निघाले आणि दापोलीस आले. पेन्शनीत एवढा संसार भागेना. म्हणून त्यांनी आमच्या साताऱ्यास बांधकाम खात्यात कोठारावर नोकरी धरली, आणि पुढे खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळपीडितांना काम देण्यासाठी सरकारने तलाव खोदावयास घेतला होता, तिथे ते खजिनदार झाले. विश्वासू माजी सुभेदाराच्या हाती पैशाच्या किल्ल्या देण्यात सरकारला धोका वाटला नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्याच गोरेगावच्या वाटेवर १९०१ साली जे घडले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सुटीत वडिलांना भेटायला मुले साताऱ्याहून निघाली. अंगावर नवे कपडे, हातात तिकिटे. मसूर स्टेशनावर उतरली. वडिलांना कळवलेले पत्र नोकराच्या हयगयीने पोचले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली आणि जात कळताच तो चार पावले मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. बरोबर जेवणाचा डबा होता, पण रात्रभर त्या मुलांना घोटभर पाणी कोणी दिले नाही. बाप सरकारचा सुभेदार, सरकारी खजिन्याचा राखणदार. आणि त्याच्या लेकरांना सरकारी सडकेवर पाणी नाही! पेन्शन काय देऊ शकते आणि काय देऊ शकत नाही, याचा धडा मी वर्गात शिकवतो तेव्हा हाच प्रसंग सांगतो. आमची मुले मसूरच्या त्याच स्टेशनावरून भरतीला जातात.

पण पेन्शनीचा दुसरा धडाही याच घरात आहे. १९०४ च्या सुमारास रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले. परळच्या चाळीत एकच खोली. भीमरावांना अभ्यासाबाहेरच्या पुस्तकांचे वेड. पुस्तक हवे म्हटले की म्हातारा सुभेदार काखेत पागोटे मारून निघे, तो लेकीच्या घरी जाई. रोख नसली तर लेकीच्या अंगावरचा एखादा डाग मागून घेई, तो गहाण ठेवी आणि पुस्तक घेऊन येई. पेन्शन हाती पडली की डाग सोडवून लेकीला परत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले आणि त्याच वर्षी त्यांचा मुलगा शिकण्यासाठी अमेरिकेस गेला. इंग्रज सरकारने त्या शतकात कितीतरी पेन्शनी वाटल्या असतील. पण त्यांतल्या कोठल्याही पैशाचे याहून मोठे व्याज या देशाला मिळालेले नाही.

यानंतर आली महायुद्धे. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांच्या आसपास हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि चौऱ्याहत्तर हजारांच्या सुमारास परत आली नाहीत. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावची एकट्याची ४६ माणसे त्यात पडली. त्या गावाला आज अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखतात. अशा गावांतून सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले. पाट्या आजही दिसतात. पण जे जिवंत आले त्यांचे काय?

इथे पंजाब आणि महाराष्ट्र यांच्या नशिबात फरक पडला. पंजाबात कालव्यांनी भिजणारी नवी वसाहत सरकारच्या मालकीच्या पडीक जमिनीवर उभी राहत होती, त्यामुळे तिथल्या शिपायाला बक्षीस म्हणून ओलिताची जमीन देता आली. दख्खनमध्ये जमीन आधीच रयतेच्या नावे लागलेली, आणि उरलेला माळ कोरडा. तेव्हा आमच्या वाट्याला आली ती पेन्शन, काही थोड्यांना जंगी इनाम, आणि ती पाटी. पंजाबचा पेन्शनर जमीनदार झाला. साताऱ्या-रत्नागिरीचा पेन्शनर मुंबईची वाट धरून गिरणीच्या, गोदीच्या नाहीतर एखाद्या शेठच्या दारावर उभा राहिला. पलटणीतून निघालेला माणूस पहाऱ्यावर उभा राहतो ही आपल्याकडची रीत एवढी जुनी आहे, आणि तिचे मूळ माणसाच्या कुवतीत नसून जमिनीच्या हिशेबात आहे.

तरी त्या काळातले एक काम मनापासून गौरवावे असे आहे. हातपाय गमावून आलेल्या शिपायांना एखादा धंदा शिकवून स्वतःच्या पायावर उभे करावे, या हेतूने १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीच्या नावाने एक औद्योगिक शाळा निघाली. पुढे ती खडकीस गेली आणि शंभर वर्षे उलटली तरी चालू राहिली. पेन्शन माणसाला जगवते. धंदा त्याला उठवून बसवतो. हा फरक त्या शाळेने फार लवकर ओळखला.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली होती. युद्ध संपताच त्यातल्या बहुतेकांना घरी धाडावयाचे होते. लाखो तरुण माणसे: कोणी मोटार हाकायला शिकलेला, कोणी तारायंत्र, कोणी इंजिन, कोणी रुग्णसेवा; आणि देशात नोकऱ्या नाहीत. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नाविक तळावर उठाव झाला. त्याची आठवण आपण निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ आणि स्वातंत्र्याची ओढ या तीन कारणांनी काढतो, आणि ते खरेच आहे. पण त्या खलाशांच्या मागण्यांच्या यादीत आणखी एक कलम होते, त्याकडे सहसा लक्ष जात नाही: आम्हाला लवकर मोकळे करा आणि मोकळे केल्यावर पोटापुरते काम द्या. साम्राज्याच्या तोफांसमोर उभ्या राहिलेल्या त्या विशी-पंचविशीच्या पोरांच्या मनातही ‘परत गेल्यावर काय?’ हा प्रश्न होताच.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न परक्या सरकारचा राहिला नाही, आपला झाला. आपण काय केले? अगदीच काही केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याणाची कार्यालये उभी राहिली. केंद्र सरकारच्या ‘क’ वर्गात शेकडा १० आणि ‘ड’ वर्गात शेकडा २० जागा माजी सैनिकांसाठी राखल्या. सरकारी बँका आणि कंपन्यांत, अपंग जवान व हुतात्म्यांचे वारस धरून, हेच प्रमाण साडेचौदा आणि साडेचोवीस ठरले. २००३ साली माजी सैनिकांसाठी वेगळी आरोग्ययोजना आली. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्या जवानाला ‘क’ वर्गाच्या जागांपुरता पदवीधर मानावे, असाही नियम आहे. माझ्यासारख्या मॅट्रिकवाल्याला त्याचा हेवा वाटतो!

पेन्शनीच्या कल्पनेतही मोठा बदल झाला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निर्वाळा दिला, की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, ती केलेल्या सेवेने मिळवलेला हक्क आहे. त्या खटल्यात मुलकी पेन्शनरांबरोबर सैन्यातल्या पेन्शनरांचाही प्रश्न होता. कंपनीच्या चार रुपयांमागची मिठाची भाषा कायद्याच्या पुस्तकातून त्या दिवशी पुसली गेली. त्यानंतर ‘समान हुद्दा, समान पेन्शन’ ही मागणी जोर धरू लागली. एकाच हुद्द्याचे, तेवढीच वर्षे सेवा केलेले दोन हवालदार. एक आधी निवृत्त झाला म्हणून कमी, दुसरा नंतर झाला म्हणून जास्त, हे कसे? शिपाई ऐन तारुण्यात निवृत्त होत असल्यामुळे ही तफावत त्याला चाळीस-चाळीस वर्षे सोसावी लागते. २०११ साली राज्यसभेच्या कोश्यारी समितीने ही मागणी उचलून धरली. २०१५ च्या उन्हाळ्यात दिल्लीच्या जंतरमंतरवर छातीवर पदके लावलेले म्हातारे धरणे धरून बसले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी सरकारने योजना जाहीर केली आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू धरली.

हे सारे झाले. तरी आमच्या मेजरची दुपार पुरती उजळली नाही. राखीव जागा पुऱ्या भरल्या जात नाहीत, ही तक्रार संसदेतही वेळोवेळी झाली आहे. का भरत नाहीत, ते मी एका उदाहरणावरून पाहिले आहे.

आमच्या शेजारगावच्या एका हवालदारांनी सतरा वर्षे फौजेत वायरलेस दुरुस्त केला. बर्फात, वाळवंटात, कंदिलाच्या उजेडात, बोटे बधिर झालेली असताना. पेन्शनीत आल्यावर एका कचेरीत यंत्रदुरुस्तीची जागा निघाली. त्यांनी अर्ज केला. कारकुनाने विचारले, ‘आय. टी. आय. चा दाखला कुठाय?’ हवालदारांनी डिस्चार्ज बुक पुढे केले. त्यात फौजेतल्या परीक्षा नोंदलेल्या होत्या. ‘हे आमच्या तक्त्यात बसत नाही, बरोबरीचं परिपत्रक आणा.’ परिपत्रक होते. पण ते त्या कचेरीत कोणी पाहिले नव्हते. तीन खेपा झाल्या. शेवटी हवालदारांनी एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहण्याची नोकरी पत्करली. आत यंत्र बिघडले की पुण्याहून माणूस येईपर्यंत गिऱ्हाइके ताटकळत. आणि ते दुरुस्त करता येणारा हात दारावर बंदुकीचा पट्टा सावरीत उभा असे. मी एकदा विचारले, ‘दादा, तुम्ही सांगत का नाही त्यांना?’ ते हसून म्हणाले, ‘गुरुजी, वॉचमनला कोण यंत्र उघडू देतो?’

पहाऱ्याचे काम हलके आहे असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. प्रामाणिकपणे केलेले कोठलेही काम हलके नसते. पण सतरा वर्षे सरकारने ज्याला शिकवले, त्याची विद्या सरकारच्याच कारकुनाला वाचता येऊ नये, हे नुकसान हवालदारांचे थोडे आणि देशाचे फार आहे.

जिथे ती विद्या वाचली गेली, तिथे काय झाले? इस्लामपूर-पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. पोहणे आणि मैदान यांच्या जोरावर ते पुन्हा उभे राहिले आणि १९७२ साली हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पुण्याच्या टेल्कोने त्यांना नोकरी दिली होती. नगर जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे फौजेत ट्रक हाकीत. १९७५ साली निवृत्त होऊन गावी आले तेव्हा गाव दुष्काळाने आणि दारूने पोखरलेले होते. त्यांनी साठवलेला पैसा आधी गावचे यादवबाबांचे देऊळ दुरुस्त करण्यात घातला, आणि मग त्या देवळाच्या पडवीतून गावाला पाणी अडवण्याच्या कामाला लावले. त्यांच्या पुढच्या राजकारणाविषयी मतभेद असतील. पण राळेगणच्या विहिरींना पाणी आले याविषयी मतभेद नाही. शिस्त, सहकार्य आणि दिलेले काम पुरे करण्याची खोड या तीन गोष्टी फौज शिकवते. गावाला नेमक्या त्याच हव्या असतात.

हे सारे आज सांगण्याचे कारण म्हणजे १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेली अग्निपथ योजना. तिने आपल्या या जुन्या प्रश्नाला एकदम नवे वय दिले. भरती साडेसतरा ते एकवीस वर्षांच्या मुलांची. सेवा चार वर्षे. त्यातल्या जास्तीत जास्त शेकडा २५ जणांना पुढे कायम ठेवावयाचे. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवानिधी म्हणून एकदाच सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, त्यातही निम्मा वाटा त्यांच्याच पगारातून कापलेला. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या, तेव्हा त्यांची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास भरतात. फौज तरुण राहावी हा त्यामागचा हेतू सरकारने सांगितला आहे. योजनेच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ लिहिले गेले आहे, ते मी पुन्हा उगाळीत नाही. मला शाळामास्तर म्हणून एवढेच दिसते, की पूर्वी जो प्रश्न सदतिसाव्या वर्षी येई तो आता बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी येणार. भर दुपार नव्हे, ही तर सकाळची न्याहारीची वेळ!

आमच्या शाळेतली पोरे पहाटे चारला उठून डांबरी सडकेवर पळतात. त्यांच्या पायांचा आवाज ऐकत मी अंथरुणावर पडलेला असतो. परवा त्यांतल्या एकाने विचारले, ‘गुरुजी, चार वर्षांनी परत आलो तर?’ मी त्याला रामजी सुभेदारांची गोष्ट सांगितली. म्हटले, ‘पैसे मिळतील ते जपून ठेव, पण त्याहून जपून आणायची वस्तू म्हणजे तिथे शिकलेली विद्या. जी परीक्षा देता येईल ती दे. कागद वेळीच कर. दहावीवर गेलास तर बारावीचा दाखला मिळवून ये, तशी सोय ठेवली आहे म्हणतात. आल्यावर कोणी वॉचमन म्हणाले तर आपल्या हाताला काय येते ते मोठ्याने सांग.’ तो म्हणाला, ‘आणि तुमच्याकडून काय?’ पोराचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडून काय?

त्याचे उत्तर इतिहासातच आहे. सभासदाच्या काळी राज्याने जखम पाहून होन मोजले. कंपनीने निष्ठा पाहून रुपये मोजले. स्वतंत्र देशाने हक्क म्हणून पेन्शन मान्य केली, हे थोर झाले. आता एक पाऊल उरले आहे, ते म्हणजे परत आलेल्याची विद्या मोजण्याचे. ते पाऊल दिल्लीने एकटीने टाकून भागणार नाही. तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाने परिपत्रक वाचले पाहिजे, कारखानदाराने दारावर उभ्या असलेल्या माणसाला एकदा आत बोलावले पाहिजे, ग्रामपंचायतीने पाण्याच्या टाकीचा नि शाळेच्या मैदानाचा हिशेब त्याच्या हाती दिला पाहिजे. रामजींच्या हाती तलावाचा खजिना देण्याइतकी अक्कल १९०१ सालच्या परक्या सरकारला होती.

नोव्हेंबर महिन्यात पेन्शनर हयातीचा दाखला देतात. आपण जिवंत आहोत एवढे सिद्ध केले की त्यांचे काम होते. या दिवाळीत आपल्या आळीतला कोणी मेजर भेटला, तर त्याचे डिस्चार्ज बुक एकदा मागून घ्यावे आणि सावकाश वाचावे. तो जिवंत आहे हे सरकारला ठाऊक आहे. त्याला काय काय येते, हे मात्र अजून गावातही कोणाला ठाऊक नसते.